पूर्वेचं पुणे: मंडई ते कॅम्प पायी फेरी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेरीची नोंदणी करताना, फेरीत चालता चालता आणि फेरी झाल्यावरही लोक जे प्रश्न सतत विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा येऊ नये म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फेरी कुठून कुठे जाते?

सुरुवात महात्मा फुले मंडईपाशी. तिथून रविवार पेठेतली बोहरी आळी, गुरुवार पेठेतलं पंच हौद (ख्रिस्ती मिशनचं चर्च), पूर्वीच्या गंज पेठेतला फुलेवाडा, नाना पेठेतलं निवडुंग्या विठोबाचं देऊळ आणि क्वार्टर गेटचं सिटी चर्च. इथे पूर्वार्ध संपतो आणि चहा होतो. उत्तरार्धात रास्ता पेठेतलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती, मग कॅम्पातलं लाल देऊळ (नाव देऊळ, पण हेही सिनेगॉगच), हजरत बाबाजान यांचा दर्गा आणि शेवटी शिवाजी मार्केट.

२. शनिवारवाडा नाही, लाल महाल नाही, दगडूशेठ नाही. मग हे कसलं पुणे दाखवता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि आम्ही फेरी सुरू केली तीही याच प्रश्नामुळे. शनिवारवाड्याला तुम्ही आमच्याशिवायही जाल. पण पुण्यात जन्म काढलेल्या अनेकांनी रास्ता पेठेतलं सिनेगॉग पाहिलेलं नसतं. क्वार्टर गेटच्या चर्चला जमीन कोणी दिली हे त्यांना ठाऊक नसतं. नागझरी ओढ्याच्या पलीकडचं ते 'बाहेरच्यांचं' पुणे, अशी समजूत आपल्याकडे मुरलेली आहे. नाना पेठ नाना फडणविसांच्या नावाची, रास्ता पेठ सरदार रास्त्यांच्या. या पेठा पेशवाईतच वसल्या आणि वसल्या तेव्हापासून तिथे नाना जातीधर्मांची माणसं राहिली. सदाशिव-नारायण जितकं पुणे, तितकंच हेही पुणे. फेरीत हे भाषण करून सांगत नाही, ती ती जागा दाखवतो.

३. किती चालावं लागतं? किती वेळ लागतो?

एकूण सहा-सात किलोमीटर, थांबे धरून पाच तास. ज्यांना जड वाटेल त्यांनी नुसता पूर्वार्ध किंवा नुसता उत्तरार्ध करावा. दोन वेगवेगळ्या रविवारी मिळून पूर्ण केली तरी चालतं.

४. फेरी रविवारीच का?

शनिवारी सिनेगॉग पाहुण्यांसाठी बंद असतं, कारण तो शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी दुपारी मशिदींच्या आसपास नमाजाची गर्दी असते, तेव्हा तिथे घोळका करून उभं राहणं बरं दिसत नाही. इतर दिवशी रविवार पेठेत हातगाड्या आणि टेम्पोंमधून वीस माणसांनी एकत्र चालणं कठीण. रविवारी रस्ते मोकळे मिळतात, आणि आपण चर्चपाशी पोचेपर्यंत सकाळची मिस्सा संपलेली असते. बोहरी आळीतली काही दुकानं मात्र रविवारी बंद मिळतात. तिथला खरा गजबजाट पाहायचा तर मधल्या वारी एकटे जा.

५. यायचं कसं? गाडी कुठे लावू?

गाडी आणू नका. मंडईचं मेट्रो स्थानक सुरुवातीच्या जागेला लागून आहे. परतीला कॅम्पातून पुणे स्टेशनला रिक्षाने पोचता येतं आणि तिथून मेट्रो मिळते. गाडी मंडईत लावली तर ती घ्यायला पुन्हा उलटं यावं लागेल.

६. कपडे कसे हवेत?

खांदे आणि गुडघे झाकलेले. डोकं झाकायला एक रुमाल किंवा ओढणी जवळ ठेवा. दर्ग्यात आणि सिनेगॉगमध्ये लागते. चपला अनेकदा काढाव्या लागतात, म्हणून नाड्यांच्या बुटांपेक्षा पटकन निघणारं काही घाला.

७. आजी-आजोबांना, लहान मुलांना आणू का?

आजी-आजोबांना अवश्य आणा. या पेठांमध्ये राहिलेल्या वयस्कर माणसांनी आमच्या माहितीत जितकी भर घातली तितकी कुठल्याच कागदाने घातलेली नाही. गुडघे दुखत असतील तर अर्धीच फेरी करा (प्रश्न ३). दहा वर्षांवरची मुलं छान रमतात. बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची मात्र रविवार पेठेतल्या पदपथांवर चालत नाही. उत्तरार्धाचा कॅम्पातला भाग बराच सोयीचा आहे, आधी कळवलंत तर तिथून सामील करून घेतो.

८. मंडईपासून सुरुवात का? ती तर भाजीबाजार.

या इमारतीचं मूळ नाव रे मार्केट. १८८६ साली ती उघडली. नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनी या बांधकामावरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर लागावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे मंडईला त्यांचंच नाव दिलं गेलं. साधारण त्याच काळात कॅम्पात कॅनॉट मार्केट उभं राहिलं, तेच आजचं शिवाजी मार्केट. एकाच गावात, एकाच सुमारास, गावासाठी एक बाजार आणि छावणीसाठी दुसरा. छावणीची मुळं १८१७ मध्ये आहेत: ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली, त्याच महिन्यात पुणे इंग्रजांच्या हाती गेलं आणि गावाच्या पूर्वेला त्यांचा तळ पडला. फेरी या दोन बाजारांच्या मधली आहे.

९. पेशव्यांनी चर्चला जमीन दिली हे खरं आहे का? ऐकीव तर नाही?

खरं आहे. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, १७९२ साली, क्वार्टर गेटच्या चर्चसाठी जागा दिली गेली. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडून आलेले कॅथलिक सैनिक आणि अधिकारी होते, त्यांना उपासनेसाठी जागा हवी होती. आज दिसणारी इमारत नंतरची, एकोणिसाव्या शतकातली.

यावर लगेच येणारा प्रश्न: पेशवे तर पोर्तुगीजांशी लढले ना? लढलेच. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांमध्ये आल्या. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही आहेत. वसईनंतर ५३ वर्षांनी त्याच पेशवाईने पुण्यात चर्चला जागा दिली. या दोन्ही गोष्टी आम्ही एकत्रच सांगतो. नुसती घंटा सांगितली किंवा नुसती जमीन सांगितली, तर पेशवाई अर्धीच कळते. राज्यकर्त्यांना शत्रूचा धर्म आणि आपल्या चाकरीतल्या माणसाचा धर्म यांत फरक करता येत होता, असं आम्हाला यातून दिसतं.

१०. पंच हौदच्या चहाचं प्रकरण काय होतं?

ऑक्टोबर १८९० मध्ये गोपाळराव जोशी यांनी (डॉ. आनंदीबाई जोशींचे पती) गावातल्या प्रतिष्ठित मंडळींना पंच हौदच्या मिशनमध्ये व्याख्यानासाठी नेलं. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कोणी घेतली, कोणी नुसता कप हातात धरला, कोणी तोही धरला नाही. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले अशी माणसं होती. मग गोपाळरावांनीच हजर मंडळींची यादी 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि गावात गहजब झाला. ख्रिस्त्याच्या हातचा चहा घेतला म्हणून तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं दाखवलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यांच्या सुधारक मित्रांना ते फार लागलं.

हे आम्ही चर्चच्या आवारात, उंच घंटाघराखाली उभं राहून सांगतो. लोक हसतात. हसणं साहजिक आहे, पण तिथून दहा मिनिटं चालून फुलेवाड्यात गेल्यावर ते थांबतं. कारण पुढच्या प्रश्नात आहे.

११. फुलेवाड्यात काय पाहायचं? तिथे तर फार वस्तू नाहीत.

हौद पाहायचा. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. चहाच्या प्रकरणाआधी २२ वर्षं, जवळपास त्याच वस्तीत. एका पेठेत गावातले थोर लोक एका कपाने अडचणीत आले होते. शेजारच्या पेठेत एका माणसाने आपल्या घरचं पाणी सगळ्यांना देऊन टाकलं होतं. चहाचा गदारोळ चालू असतानाच, २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. त्यांची समाधी याच वाड्यात आहे. सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या.

फातिमा शेख यांच्याबद्दल हल्ली बरेच जण विचारतात. त्यांच्याविषयीचे कागद थोडे आहेत, पण सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेल्या १८५६ च्या पत्रात फातिमा हे नाव येतं. आम्ही तेवढंच सांगतो, त्याहून अधिक रंगवत नाही.

वाड्यात मोबाइल बंद ठेवा आणि मोठ्याने बोलू नका. अनेकांसाठी ही पुण्यातली सर्वांत पवित्र जागा आहे.

१२. पुण्यात दोन सिनेगॉग कशी? एवढे ज्यू होते का?

दोन वेगळे समाज होते. रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो हे बेने इस्रायलींचं, १९२१ सालचं. लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड, हे बगदादी ज्यूंचं, १८६७ सालचं.

बेने इस्रायली आपल्या कोकणातले. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं पेणकर, दिवेकर, राजपूरकर, किहीमकर. घरची भाषा मराठी. ज्यू धर्मकथांवर त्यांनी मराठीत कीर्तनं केली. मंगलकार्यात किंवा नवस फेडताना प्रेषित एलियाहू हन्नाबी यांच्या नावाने मलिदा करतात: गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं. कंपनी सरकारच्या फौजेत आणि पुढे सरकारी नोकऱ्यांत बरेच जण गेले, त्यातले काही छावणीमागोमाग पुण्यात आले. १९४८ नंतर बहुसंख्य इस्रायलला गेले. तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं आहे. आम्हाला वाटतं, मराठी माणसाने रास्ता पेठेत उभं राहून हे एकदा तरी ऐकावं.

बगदादी ज्यूंची गोष्ट व्यापाराची. डेव्हिड ससून १७९२ मध्ये बगदादला जन्मले, तिथल्या अधिकाऱ्यांच्या जाचामुळे बाहेर पडले आणि मुंबईत येऊन त्यांनी अफाट संपत्ती मिळवली. त्यात अफूच्या व्यापाराचा मोठा वाटा होता, हेही सांगतो. ससून रुग्णालय त्यांच्या देणगीतून उभं राहिलं. १८६४ मध्ये पुण्यातच त्यांचं निधन झालं. लाल देवळाच्या आवारात त्यांची समाधी आहे.

१३. लाल देवळात आत जाता येतं का?

पूर्वपरवानगी असेल तरच. मुंबईतला २००८ चा हल्ला आणि पुण्यातला २०१० चा बॉम्बस्फोट यांनंतर इथे पोलीस पहारा असतो. फेरीच्या आधी आम्ही नावं कळवतो, त्यासाठी ओळखपत्राची प्रत लागते आणि मूळ ओळखपत्र त्या दिवशी जवळ हवं. ऐन वेळी आणलेल्या पाहुण्याला बाहेर थांबावं लागतं. कधी समाजाचा स्वतःचा कार्यक्रम असला तर परवानगी आदल्या दिवशी रद्दही होते. मग लाल विटांचा तो मनोरा आणि घड्याळ रस्त्यावरूनच पाहायचं. ते देवघर आहे. त्यांच्या सोयीने पाहायचं.

१४. अग्यारी बाहेरूनच का दाखवता?

अग्यारी म्हणजे पारशांचं अग्निमंदिर. पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नाही. यावर वाद घालू नये, दारातून आत डोकावूही नये.

१५. पारशी आणि इराणी एकच ना?

धर्म बहुतेकांचा एकच, झरथुष्ट्री; येण्याचा काळ वेगळा. पारशांचे पूर्वज अनेक शतकांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्याला आले, म्हणून त्यांची भाषा गुजराती. इराणी मंडळी एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात, मुख्यतः यझ्द आणि केरमान भागांतून आली. बेकऱ्या आणि चहाची हॉटेलं त्यांनी काढली. सगळे इराणी झरथुष्ट्री असतात असंही नाही, काही शिया मुसलमान आहेत.

१६. बाबाजान कोण होत्या? दर्ग्यात बायकांना जाता येतं का?

हा दर्गाच एका बाईचा आहे. हजरत बाबाजान विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात आल्या आणि कॅम्पात चार बावडीपाशी एका कडुनिंबाखाली बसू लागल्या. ऊन-पावसात तिथेच. १९३१ मध्ये गेल्या, तिथेच दर्गा झाला. १९१३ मध्ये डेक्कन कॉलेजात शिकणारा मेरवान शेरियार इराणी हा पुण्यातल्या इराणी झरथुष्ट्री घरातला मुलगा त्यांना भेटला आणि त्याचं आयुष्यच बदललं. नगरजवळ अरणगावला आश्रम उभारणारे मेहेरबाबा ते हेच. एका मुसलमान फकीर बाईने एका इराणी मुलाला वाट दाखवली, आणि पुढे त्या मुलाच्या मागे मराठी हिंदू घरं गेली. कॅम्पाविषयी सांगायला आमच्याकडे याहून चांगली गोष्ट नाही.

दर्शन सगळ्यांना खुलं आहे. डोकं झाकायचं एवढंच.

१७. प्रत्येक ठिकाणी नमस्कार करावा लागतो का? प्रसाद नाही घेतला तर?

काहीच करावं लागत नाही. देवळात हात न जोडणारे आणि दर्ग्यात चादरीला हात न लावणारे, दोघेही आमच्याबरोबर निवांत येतात. प्रसाद नको असेल तर हात जोडून 'नको' म्हणा, कोणी राग धरत नाही. चेहरा वाकडा मात्र करू नका.

१८. त्रिशुंड गणपतीला या फेरीत का घेतलं? ते तर हिंदू देऊळ.

त्याच कारणाने घेतलं. सोमवार पेठेत गोसाव्यांची मोठी वस्ती होती. हे संन्यासी सावकारी आणि व्यापारही करत. १७५४ ते १७७० या काळात भीमगिरजी गोसावी यांनी हे देऊळ बांधलं. मूर्तीला तीन सोंडा आहेत आणि ती मोरावर बसलेली आहे. देवळात संस्कृत शिलालेखांबरोबर फारसी शिलालेखही आहे. दर्शनी भिंतीवर गोऱ्या शिपायांनी साखळदंडाने जखडलेला गेंडा कोरला आहे. इंग्रजांनी घेतलेल्या बंगालचं ते चित्र, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. तसं असेल तर खडकीच्या लढाईच्या कितीतरी आधी पुण्यातल्या एका पाथरवटाने पुढचं ओळखलं होतं. तळघर गुरुपौर्णिमेला उघडतं, एरवी बंद.

१९. खायचं काय? शाकाहारी आहोत.

क्वार्टर गेटला चहा आणि शेवटी कॅम्पात बन मस्का, हे दोन्ही शाकाहारी. बेकरीतल्या बहुतेक केकमध्ये अंडं असतं, विचारून घ्या. कयानी बेकरीची बिस्किटं घ्यायची तर ती रविवारी उघडी आहे का, ते आधी विचारून ठेवा. मटण खाणाऱ्यांना कॅम्पात दोराबजीचं नाव सांगायला नको. पोट नाजूक असेल तर घरून काही खाऊन निघा.

२०. फोटो काढू का?

इमारतींचे बाहेरून काढा. लाल देवळाचे तेही पहाऱ्यावरच्या पोलिसांना विचारून. आतले फोटो जिथे विचारून परवानगी मिळेल तिथेच. माणसांचे, विशेषतः प्रार्थना करणाऱ्यांचे, कधीच न विचारता नाही. आळ्यांमध्ये लोक राहतात. उंबऱ्यात बसलेल्या आजींकडे कॅमेरा रोखण्याआधी दोन शब्द बोला.

२१. सगळं गोडगोडच सांगता का? दंगली झाल्याच नाहीत?

झाल्या, आणि सांगतो. १८९४ मध्ये दारूवाला पुलाजवळच्या मशिदीपुढून वाद्यं वाजवत जाण्यावरून मारामारी झाली होती. १८९७ च्या प्लेगमध्ये गोरे सोजीर घराघरांत शिरले, लोकांच्या देवघरांपर्यंत गेले, आणि त्या संतापातून २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली. फुल्यांनी हौद खुला केला, याचाच अर्थ बाकी पाणवठे बंद होते. शेजार म्हटला की भांडणंही आली. भांडण झालं तरी माणसं त्याच गल्लीत राहिली, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. एका बाजूची बाजू घेऊन वाद घालायला कोणी आलं, तर मात्र आम्ही विषय थांबवून पुढे चालू लागतो.

२२. फेरी कधी बंद असते?

पालखीच्या मुक्कामात. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला आणि माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला उतरते. त्या दोन दिवसांत या पेठा वारकऱ्यांच्या असतात. वाटाड्या नको, नुसते या आणि पाहा. गणपतीच्या दहा दिवसांत नुसता उत्तरार्ध होतो. रमजानमध्ये फेरी चालू असते. इच्छुकांना संध्याकाळी मोमीनपुऱ्यात नेतो, त्याची नोंदणी वेगळी.

२३. आम्ही स्वतः, तुमच्याशिवाय फिरलो तर?

जरूर फिरा. प्रश्न १ मधला क्रम धरा. सिनेगॉगच्या परवानगीसाठी मात्र संबंधित समाजाच्या विश्वस्तांना लेखी विचारावं लागेल (प्रश्न १३).

२४. आम्ही इस्रायलहून येतोय. आजोबा पुण्याचे, त्यांची कबर शोधायची आहे. फेरीत जमेल का?

फेरीत नाही. पंधरा-वीस अनोळखी माणसांबरोबर ते काम होत नाही आणि होऊही नये. निघण्याच्या निदान महिनाभर आधी सिनेगॉगच्या विश्वस्तांना पत्र लिहा. पत्रात आजोबांचं पूर्ण नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, मूळ गावावरून आलेलं आडनाव आणि निधनाचं साल द्या. इंग्रजीत आडनावाची अक्षरं प्रत्येक कागदावर वेगळी असतात, म्हणून ते मराठीतही लिहा. जुन्या कबरींवर हिब्रूबरोबर मराठी मजकूर असतो, तो वाचता येत नसेल तर कळवा. आमच्यापैकी कोणी ना कोणी बरोबर येतं, आणि त्याचे पैसे आम्ही घेत नाही.